मुंबईच्या उकाड्यात घरची पालेभाजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी उलटली की पालक करपल्याच्या तक्रारी सुरू होतात आणि जूनमध्ये सगळं कुजल्याच्या. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. लेट्यूस, केल, ब्रोकोली यांच्याबद्दल मात्र काही मिळणार नाही. गॅलरीत, ग्रिलमध्ये किंवा गच्चीवर, मुंबईच्या हवेला न कुरकुरता वाढणाऱ्या जुन्या भाज्यांपुरतंच हे पान आहे.

उन्हाळ्यात मुंबईत पालेभाजी खरंच होते का? माझा पालक दरवर्षी मार्चमध्ये फुलावर येतो.

होते, फक्त पालकाचा हट्ट सोडावा लागतो. मुंबईत खरी अडचण दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीची आहे. मे महिन्यात रात्री दोन वाजतासुद्धा भिंती गरम असतात आणि हवा दमट. पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू, चाकवत ही सगळी गार रात्रींची मंडळी. त्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने द्यावेत.

मार्चचा तडाखा वेगळा असतो. पूर्वेकडून कोरडे वारे वाहायला लागले आणि समुद्रावरचे वारे दुपारी उशिरा आले की पारा एकदम चढतो. सांताक्रूझला मार्च १९५६ मध्ये ४१.७ अंशांची नोंद आहे. अशा दिवशी छोट्या कुंडीतली माती दुपारपर्यंत कोरडीठाक होते आणि कोवळी रोपं माना टाकतात. एप्रिल-मेमध्ये पारा सहसा तेवढा चढत नाही, पण घाम सुटतो तो सुटतोच.

या दिवसांत खुशीत वाढणाऱ्या भाज्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या जातात: मायाळू, माठ, तांदुळजा, अंबाडी, घोळ, अळू, शेवग्याचा पाला. माठ आणि घोळ तर सूर्यप्रकाश वापरण्याच्या पद्धतीत ऊस-मक्याच्या पंगतीतले आहेत, म्हणजे कडक उन्हातही त्यांचं काम चालू राहतं. बाजारात यांना पालकाएवढा मान नाही, ही गोष्ट वेगळी.

अगदी पहिल्यांदा लावणार आहे. एकच भाजी सांगा.

मायाळू. दुसरा विचार करू नका.

बाजारातून जुडी आणा (कोणी तिला वेलबोंडी म्हणून देईल). पानं भाजीला घ्या आणि पेन्सिलीएवढे जाड देठ बाजूला ठेवा. वीतभर लांबीचे तुकडे करून दोन डोळे मातीखाली, दोन वर राहतील असे खोचा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. डोळ्यातून टाचणीच्या डोक्याएवढा चकचकीत कोंब दिसला की हळूहळू उन्हात सरकवा. बियांपासूनही होतो, पण बी कडक असतं, रात्रभर भिजवावं लागतं आणि उगवायला दहा-पंधरा दिवस घेतं.

वेल आहे, तेव्हा चढायला काहीतरी हवं. मुंबईतल्या खिडकीचं ग्रिल यासाठीच बनवलंय असं वाटावं इतका तो त्यावर छान चढतो. शेंडा पहिल्यांदा हातभर वाढला की खुडायचाच, जीव झाला तरी. खुडलात की खालून दोन-तीन फुटवे येतात, नाही खुडलात तर एकच दोरी छपराला जाऊन भिडते आणि खाली पानं उरत नाहीत.

दोन जाती मिळतात, हिरव्या देठाची आणि जांभळट देठाची. जांभळी दिसायला देखणी, खायला हिरवी जास्त मांसल. फळं पिकली की त्यांचा जांभळा रस निघतो. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखाली हा वेल नको. पानांची भजी सगळ्यांना माहीत असतात. डाळीत घातला तरी उत्तम, आणि सारस्वतांकडे कोळंबी घालून करतात तो प्रकार एकदा खाऊन पाहावा. बुळबुळीत लागतो अशी तक्रार असेल तर मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परता.

माठ आणि तांदुळजा कसा पेरायचा? माझं बी उगवतच नाही.

बहुतेकदा बी खोल गेलेलं असतं. माठाचं बी खसखशीएवढं असतं, चिमटीत शेकडो मावतात. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत कालवा, ओल्या मातीवर भुरभुरा आणि वरून इतकंच बारीक खत चाळा की बी जेमतेम झाकलं जाईल. पाणी तांब्याने ओतू नका, सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली पुरते. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत लाल रेघा दिसायला लागतात. दिसल्या नाहीत तर मुंग्यांवर संशय घ्या, त्या बी उचलून नेतात.

दाट उगवलं तर बोटभर उंचीची रोपं उपटून विरळणी करा आणि तीच पहिली भाजी. बाकीची महिनाभरात कापायला येतात. मुळासकट उपटण्यापेक्षा खाली चार बोटं खोड ठेवून कापलंत तर आणखी दोन-तीन तोडे मिळतात. माठाला दिवस लहान झाले की फुलावर यायची घाई होते, म्हणून डिसेंबरात पेरलेला माठ चटकन तुरा काढतो. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

ऋषिपंचमीच्या भाजीला माठाचे जाड देठ घरचे हवे असतील तर जूनच्या सुरुवातीला पेरा, रोपांत हातभर अंतर ठेवा आणि त्या रोपांना कात्री लावू नका. भाद्रपदात देठ अंगठ्याएवढे होतात.

अंबाडी आणि घोळ?

अंबाडीला उंच बादली द्या, कारण तिची मुळं खोल जातात. एप्रिल-मेमध्ये पेरा, कोवळे शेंडे खुडत राहा. कण्या घालून शिजवलेली अंबाडी आणि वरून लसणीची चरचरीत फोडणी एवढ्यासाठी दोन बादल्या अडकवून ठेवायला हरकत नाही.

घोळ लावायची गरजच पडत नाही, शेणखताबरोबर येते. पण कुंडीत आपोआप उगवलेलं खाण्याआधी देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, तण आहे. फेका आणि हात धुवा. घोळीच्या देठातून पाण्यासारखा रस येतो, पानं जाड, गुळगुळीत आणि टोकाला गोल असतात. ओळख पटली नाही तर खाऊ नका.

एकदा लावून वर्षानुवर्षं खाता येईल असं काय आहे?

अळू, शेवगा, कढीपत्ता, पानओवा, गवती चहा. जपलात तर मायाळूही दोन-तीन वर्षं टिकतो.

पानओवा मरतच नाही. फांदी खोचा, पाणी कमी घाला, पाहुणे आले की भजी करा. गवती चहाला उन्हाचा कोपरा द्या आणि दर वर्षी गड्डा फोडून निम्मा शेजाऱ्यांना द्या, नाहीतर कुंडी तडकते. कढीपत्ता पहिलं वर्षभर रुसून बसल्यासारखा दिसतो. तेवढ्या काळात पानं ओरबाडू नका. नंतर शेंडे छाटत राहिलात की झुडूप होतं.

शेवग्याबद्दल जरा सविस्तर. गच्चीवर पन्नास-साठ लिटरच्या पिंपात तो पाल्यासाठी छान होतो, शेंगांची आशा धरू नका. मे महिन्यात मनगटाएवढ्या जाड फांदीचा तीन-चार फुटी तुकडा खोचा किंवा बी लावा. खोड कमरेएवढं उंच झालं की निर्दयपणे छाटा आणि दर दोन महिन्यांनी छाटत राहा. हात पोचेल तिथेच पाला राहिला पाहिजे. शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं, जुलैच्या वाऱ्यात उंच वाढलेली फांदी काडकन मोडते. दहाव्या मजल्याच्या उघड्या गॅलरीत हे झाड नको म्हणजे नकोच. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, त्यांच्या केसांनी अंगाला भयंकर खाज येते. झाडाला हात घालण्याआधी खोड नीट पाहा. श्रावणात पाला भरपूर असतो आणि गोकुळाष्टमीला सिंधुदुर्गातल्या घरांत आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी होतेच, तेव्हा एक छाटणी त्या बेताने ठेवा.

अळू कुठलंही चालतं का? घशाला खाज सुटते.

कुठलंही चालत नाही. शोभेची रंगीत अळवं नर्सरीत शेजारीच ठेवलेली असतात, ती खायची नाहीत. नाल्याकाठी उगवलेलं तर बघूही नका. भाजीवालीकडून, तिने खाण्याचं म्हणून विकलेला कंद घ्या आणि विचारून घ्या: वडीचं की भाजीचं. वडीच्या अळवाचे देठ काळपट-जांभळे असतात.

खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांनी. ते घशात रुततात. म्हणूनच फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका, वडीच्या पिठात चिंचेचा कोळ असतो, आणि शिजवायचं तेही भरपूर. अर्धकच्चं अळू चिंचेने सुधारत नाही. चिरताना हाताला तेल लावा. जुना कपडा घाला, चिकाचे डाग निघत नाहीत.

लावायला सोपं. मेअखेरीस कंद रुंद टबात लावा, टबाला भोकं कमी असली तरी अळू तक्रार करत नाही. एसीची नळी गॅलरीत उतरत असेल तर अळवाचा टब तिच्याखाली ठेवा. हिवाळ्यात पानं कमी होऊन झाड मेल्यासारखं वाटतं. कंद जिवंत असतो, टाकून देऊ नका.

गावरान बियाणं म्हणजे नेमकं कुठलं, आणि मुंबईत मिळतं कुठे?

ज्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तशीच भाजी येते, आणि जे कुणीतरी असंच वर्षानुवर्षं धरत आलंय, ते गावरान. संकरित पाकिटातल्या बियांची पुढची पिढी भलतीच निघू शकते. यांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, तो उगाच वाईट ठरवला जातो: कृषी विद्यापीठांनी निवडलेल्या सुधारित जाती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण दुरंगी’ माठाची जात त्यातलीच. तिचंही बी धरता येतं. माझ्या मते घरच्या बागेला ती तितकीच चालते.

मिळण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्टेशनबाहेर वसई-पालघर-कर्जतकडून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका. बी मागितलं की आधी हसतात, पण पुढच्या खेपेला पुडीत बांधून आणतात. नेहमी भाजी घ्या आणि भावात घासाघीस करू नका. राणीच्या बागेत महापालिकेचं झाडांचं, फुलांचं आणि भाज्यांचं प्रदर्शन हिवाळ्याच्या शेवटी भरतं, तिथेही चक्कर मारावी. आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला सांगून ठेवा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं जपण्यासाठीच २०२० चा पद्मश्री मिळाला. त्यांनी हे काम सुरू केलं ते घरच्याच बियाण्यापासून.

बी घरी कसं धरायचं?

सगळ्यात जोमदार, कीड न लागलेली आणि उशिरा फुलणारी दोन-तीन रोपं राखा. उशिरा फुलणारी का? कारण लवकर फुलणाऱ्यांचं बी धरत गेलात तर दरवर्षी पानं कमी आणि तुरा लवकर, असं होत जातं. माठाचे परागकण वाऱ्याने उडतात. लाल आणि हिरवा शेजारी एकाच वेळी फुलू दिला की पुढची पिढी मिश्र येते. गॅलरीत अंतर ठेवता येत नाही, तेव्हा या वर्षी लाल फुलवा, पुढच्या वर्षी हिरवा.

तुरा तळहातावर चोळल्यावर काळं चकचकीत बी सुटलं की कापा आणि सावलीत वाळवा. मुंबईत बी मरतं ते दमट हवेने. पावसाळ्याआधी घट्ट झाकणाच्या बाटलीत, औषधांच्या बाटलीतली ती ओलावा शोषणारी छोटी पुडी टाकून, बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

आमची गॅलरी उत्तरेला आहे. काहीच होणार नाही का?

मुंबईत उत्तरेच्या गॅलरीलाही थोडं ऊन मिळतं. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो. ढग येईपर्यंत तरी तिथे चांगला उजेड असतो. अळू, पानओवा तिथे लावा. मायाळू होईल, पण पानं पातळ येतील. माठ आणि अंबाडीला मात्र चार तासांचं सरळ ऊन हवं.

पश्चिमेची गॅलरी असेल तर उलटा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये दुपारी अर्ध्या सावलीची हिरवी जाळी बांधा आणि जून लागताच सोडा. पावसाळ्यात उजेड आधीच कमी असतो.

ग्रिल किती वजन पेलेल?

हे फॅब्रिकेटरला आणि सोसायटीला विचारा, कुठल्याही बागवाल्याला नको. एवढं लक्षात ठेवा की वीस लिटरची रंगाची बादली ओल्या मातीने भरली तर तीस किलोच्या आसपास जाते. ग्रिलमध्ये अशा चार म्हणजे दोन माणसं उभी. कठड्यावर, कुठल्याही परिस्थितीत, काहीही ठेवू नका.

माती कमी करणं हाच उपाय आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर साधारण २००२ पासून जी बाग उभी राहिली, ती मुख्यतः स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा जिरवूनच. घरी एक भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट किंवा कुजलेला पाचोळा एवढ्यावर या भाज्या छान येतात. रसवंतीवरची चिपाडं फुकट मिळतात. बारीक तोडून, वाळवून मगच तळाशी घाला, ओली घातली तर अख्ख्या इमारतीच्या मुंग्या येतात.

पाणी किती? टँकरचं चालेल का?

बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी. उन्हाळ्यात सकाळी एकदा भरपूर, छोट्या कुंड्यांना संध्याकाळी पुन्हा. तलावांचं नळाचं पाणी चांगलं असतं. टँकर किंवा बोअरचं पाणी खारं असू शकतं: कुंडीच्या काठावर पांढरी पापडी आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या की समजा. मग महिन्यातून एकदा नळाच्या पाण्याने कुंडी खालून वाहेपर्यंत धुऊन काढा.

कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा नक्की ओतून, पुसून काढा. डेंग्यूचा डास साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडण्याएवढा होतो. महापालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा पहिल्यांदा ताटल्याच पाहतात, आणि बरोबर करतात.

पावसाळ्यात सगळं कुजतं.

सांताक्रूझला एकट्या जुलैत आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोवळ्या माठावर तो सरळ पडला की पानांवर माती उडते, खाली पांढरे फोड येतात आणि रोपं आडवी होतात. म्हणून माठाची मोठी पेरणी एप्रिल-मेमध्ये उरकावी. जुलैत अळू, शेवगा आणि मायाळूवर राहावं आणि माठ पुन्हा सप्टेंबरात पेरावा. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, ताटल्या काढून टाका, मातीवर वाळका पाचोळा पसरा. मायाळूच्या पानांवर लालसर कडांचे ठिपके येतील. ती पानं तोडून फेका, वेलाला काही होत नाही.

कबुतरं, गोगलगाई, पांढरे किडे...

कबुतरांवर जाळीशिवाय इलाज नाही. चकचकीत सीड्या चार दिवस काम करतात.

शंखाच्या मोठ्या गोगलगाई पावसात भिंत चढून येतात. रात्री टॉर्च घेऊन, हातात पिशवी घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. कुंडीत मीठ टाकू नका, माती बिघडते. पिठ्या ढेकूण दिसले की पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण. संध्याकाळी मारा आणि दोन-तीन दिवस ती पानं खाऊ नका. माठाची पानं गुंडाळून आत बसणारी अळी हातानेच काढावी.

मुतखडा आहे. या भाज्या चालतील का?

डॉक्टरांना विचारून. माठ, घोळ, अळू, पालक यांत ऑक्झलेट बरंच असतं. उकळून पाणी टाकलं तर कमी होतं, आणि दह्या-ताकातलं कॅल्शियम त्याला पोटातच बांधून ठेवतं. ताकातली पालेभाजी त्या दृष्टीने शहाणी आहे. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनसारख्या गोळ्या चालू असतील तर पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवू नका.

आणखी एक. चेकुरमणिस नावाचं झुडूप हल्ली ‘जीवनसत्त्वांचं झाड’ म्हणून खूप खपतं. शिजवून, कधीमधी, थोडं, एवढंच. १९९० च्या दशकात तैवानमध्ये वजन कमी करण्यासाठी त्याच्या कच्च्या पाल्याचा रस रोज पिणाऱ्यांच्या फुप्फुसांना कायमची इजा झाली होती.

मे महिन्यात दोन आठवडे गावी जातो. तेव्हा काय?

निघायच्या आदल्या दिवशी माठ कापून घ्या, मायाळू अर्धा छाटा. पानं कमी, तर तहान कमी. सगळ्या कुंड्या उन्हातून काढून एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर पाचोळ्याचा जाड थर द्या. अळवाचा टब काठोकाठ भरा. पानओव्याची आणि कढीपत्त्याची काळजी नको. तरीही किल्ली शेजारच्या काकूंकडे द्याच, एक दिवसाआड पाणी घालायला सांगा, आणि मायाळू खुडून न्यायलाही. भाजी मिळणार असेल तर पाणी विसरलं जात नाही.